विरजण पडलं

डोळ्यांच्या दवाखान्यात, बाहेरच्या लांबलचक बाकावर, मांडीवर थोरल्या बहिणीची, अक्काची पिशवी आणि पिशवीत तिचा चष्मा, तिची कवळी, तिचा बिस्किटांचा पुडा असा सगळा संसार सांभाळत मास्तर बसले होते, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. कारखान्याच्या साहेबांचा निरोप होता. दोनच शब्द: ‘विरजण पडलं.’ मास्तरांनी ते वाचले, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचले, आणि मग समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. साहेबांना म्हणी आणि वाक्प्रचारांचा भारी सोस. यंत्र बिघडलं की ‘दुष्काळात तेरावा महिना’, कामावर नवा माणूस आला की ‘नव्याचे नऊ दिवस’, आणि मास्तर कशाला नाही म्हणाले की लगेच ‘मोडेन पण वाकणार नाही’. तेव्हा आज ते दुसरं काय लिहिणार? आशेवर पडतं ते विरजण. उत्साहावर पडतं ते विरजण. संपलं सगळं. मास्तर मनाशी म्हणाले, गेली म्हातारी.

म्हातारी म्हणजे बुरशी. कारखान्यात तिला पोसायचे. शेतांतून उरलेला पेंढा, कोंडा, कणसांचे दांडे गाड्या भरभरून यायचे; त्याची कुट्टी करायची, ती भिजवून वाफवायची, कोमट झाली की तिच्यावर ही बुरशी पेरायची आणि दमट, उबदार खोलीत ताटांवर ताटं रचून ठेवायची. बघता बघता ताटं पांढऱ्या केसांनी भरून जात, म्हणून ती म्हातारी. पेंढा पचवायला म्हातारी जो रस सोडते तोच कारखान्याला हवा असतो. ताटं पाण्यात धुवायची, पाणी गाळायचं, आणि बिनदुधाच्या चहासारखं दिसणारं ते पाणी पिंपांत भरून कापडगिरण्यांना धाडायचं. तिकडे ते जाड्याभरड्या कापडाला मऊ करतं. पिंपावर ‘एन्झाइम’ असं छापलेलं असे, पण कारखान्यात सगळे त्याला म्हातारीचं पाणीच म्हणत. आणि म्हातारीची सगळी जबाबदारी मास्तरांची. मास्तरांनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. बुरशीच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला ते ओळीत उभं करून हात धुवायला लावत, नखं बघत, म्हणून ते मास्तर झाले.

तर ही म्हातारी गेले काही महिने काही केल्या तग धरत नव्हती. आधी शीतकपाट बंद पडलं आणि त्यात नळ्यांमध्ये झोपवून ठेवलेल्या म्हाताऱ्या झोपेतच गेल्या. एकच नळी जागी झाली, तीही रडतखडत. तिच्यापासून वाढवून मास्तरांनी एक खोली भरली, तिला लागलं. लागलं म्हणजे परकी काळी बुरशी शिरली. कारखान्यातला हा सगळ्यांत वाईट शब्द. दुसरी खोली भरली, तिलाही लागलं. गिरण्यांनी थांबायचं तेवढं थांबून पाहिलं. मग मालकांनी साहेबांमार्फत सांगून टाकलं की आता ही शेवटची खेप. ही साधली तर ठीक, नाहीतर कुलूप लावू. आणि नेमका त्या पेरणीच्या दिवशीच अक्काच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस आला. आधी दोनदा दिवस मिळाला होता, दोन्ही वेळा मास्तरांनी म्हातारीपायी पुढे ढकलला होता. तिसऱ्यांदा ढकलायला ते फोन उचलतच होते, तेव्हा बेकरीवाली त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. ही त्यांची मदतनीस, रीतसर शिकलेली, आधी पावाच्या मोठ्या कारखान्यात होती म्हणून बेकरीवाली. ती म्हणाली, “मास्तर, तुम्ही अक्कांना घेऊन जा. खोली मी भरते. मला काय दात आले नाहीत अजून?” तीन वर्षांत मास्तरांनी तिला पेरणीला हात लावू दिला नव्हता. आज लावू दिला, आणि हे असं झालं.

आता दुःख होईल, असं मास्तरांना वाटलं. ते वाट बघत बसले. एखाद्या जवळच्या माणसाची बातमी आली की आधी काही होत नाही, मग पोटातून काहीतरी वर येतं, हे त्यांना ठाऊक होतं. आईच्या वेळी तसं झालं होतं, वडलांच्या वेळी तर ते आधी रीतसर डॉक्टरांना चहा पाजून आले होते आणि मग जिन्यात बसून हमसाहमशी रडले होते. पण आज काही वर येईना. उलट काहीतरी खाली उतरत होतं. खांदे उतरत होते. त्यांना आपलेच खांदे इतक्या वर चढवून ठेवलेले होते हे माहीत नव्हतं. मान डावीकडे वळवली तर ती वळली, उजवीकडे वळवली तर तिकडेही वळली. मग त्यांना भूक लागली. साधी, सरळ, पोरासारखी भूक. पिशवीतला अक्काचा पुडा फोडून त्यांनी एक बिस्किट खाल्लं, मग दुसरं, आणि तिसरं खाताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. अरे, हे काय भलतंच? त्यांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. शेजारी पट्टी बांधलेला एक म्हातारा झोपला होता. पलीकडे एक बाई मुलाला तक्त्यावरची अक्षरं वाचून दाखवत होती. कुणालाही काही कळलं नव्हतं. आतून परिचारिका आली आणि म्हणाली, “फोन बंद ठेवा हं, आत ऑपरेशन चाललंय.” तिला म्हणायचं होतं आवाज बंद ठेवा. मास्तरांनी फोन पार बंदच करून टाकला.

फोन बंद होताना पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. हा फोन गेली कित्येक वर्षं रात्री उशाशी असे. खोलीचं तापमान वाढलं की तो किंचाळे, दमटपणा उतरला की किंचाळे, आणि मास्तर अंधारात चपला चाचपत निघत. ताटाला पालथा हात लावून ताप बघत. म्हातारी वाढायला लागली की अंगची ऊब सोडते, ताटं खरोखर तापलेल्या पोराच्या कपाळासारखी लागतात. ती हाताळत मास्तरांनी किती रात्री काढल्या असतील त्याला गणती नाही. एकदा त्यांचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी चांगली होती, बोलायला मोकळी, तिने त्यांना सरळ विचारलं, “तुम्हाला फिरायला आवडतं का?” आणि मास्तर उत्तर देणार तोच कारखान्यातून माणूस आला की फवारे बंद पडलेत. मास्तर उठले, ते गेलेच. परत आले तेव्हा चहाचे कपही विसळून झाले होते. अक्का पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, “त्या पोरीला सवत पदरात घ्यायची नव्हती, तीही असली बुरसटलेली.” सगळे हसायचे, मास्तरही हसायचे. फिरायला आवडतं का, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी कुणाला दिलंच नाही, आणि आज बाकावर बसून त्यांनी प्रथमच विचार केला की काय दिलं असतं.

“बाळ्या! अरे बाळ्या! कुठे मेला हा?” आतून हाक आली. अक्काला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणत होते, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि तोंड अर्थातच सुरू. “हो, हा काय, इथेच आहे,” मास्तर उठले. “इथेच आहेस? मला वाटलं गेलास तुझ्या म्हातारीकडे. आतला डॉक्टर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, आजी, दगड झाला होता डोळ्यात, इतका पिकू का दिला? मी म्हटलं, आमच्या घरात पिकलेल्या गोष्टींची आवड आहे हो.” मग नाक उडवून म्हणाली, “माझी बिस्किटं खाल्लीस ना? वास येतोय.” मास्तर म्हणाले, “चार खाल्ली.” अक्का म्हणाली, “खा बाबा. चार तर चार. तू सकाळपासून उपाशी असशील.” आणि तिने हवेत हात पुढे केला, तो मास्तरांनी धरला.

भाड्याच्या गाडीतून घरी जाताना अक्काने हात सोडला नाही. तिचा हात हातात असला की मास्तरांना धूर आठवतो. लहानपणी कापणी उरकली की सगळीकडे शेतं पेटवायचे. उरलेला पेंढा ठेवायचा कुठे आणि करायचं काय त्याचं? आठवडाभर दिवसाही संध्याकाळ असल्यासारखं वाटे. डोळे चुरचुरत, घसा बसे, आणि अक्का त्यांचा हात धरून, तोंडाला ओला पदर लावून शाळेत नेई. वाटेत एका कडेला भिजल्यामुळे न पेटलेला पेंढ्याचा ढीग होता. एका सकाळी त्यातून वाफ निघत होती. त्यांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला, आत गरम होतं, ओलं आणि गरम, आणि हात बाहेर काढला तेव्हा त्याला पांढरे धागे चिकटले होते आणि ओल्या खोबऱ्यासारखा वास येत होता. अक्काने दोन धपाटे घातले. पण त्यांना तो ढीग जिवंत आहे असं वाटलं होतं. जळून जायच्या ऐवजी कुणीतरी त्याला आतून खातंय, सावकाश, चवीनं. त्या ढिगापायी ते शिकले, त्या ढिगापायी या कारखान्यात आले, आणि कारखान्याला पहिली गाडी भरून पेंढा आला तेव्हा ते गाडीवाल्याला मिठी मारायला निघाले होते. तेव्हा खरंच प्रेम होतं. मग ते कधी आटलं? कुठल्या वर्षी? मास्तर खिडकीबाहेर बघत हे शोधत राहिले, आणि एका चौकात दिवा लाल असताना त्यांना वाटलं की प्रेम आटलं नव्हतं, काळजी वाढत गेली आणि तिने प्रेमाची जागा व्यापली, दोघांचा चेहरा सारखाच असल्यामुळे कळलं नाही.

संध्याकाळी त्यांनी स्वयंपाक केला. मीठ बरोबर पडलं. अक्का एका डोळ्याने पट्टीआड आणि दुसऱ्याने धुक्याआड, ताटासमोर बसून चमच्याने वाटी शोधत होती. ती म्हणाली, “आज तुझा फोन कसा काय गप्प?” “बंद केलाय.” चमचा थांबला. “बंद? तू? बाळ्या, काय झालंय?” मास्तर म्हणाले, “म्हातारी गेली, अक्का. साहेबांचा निरोप आला दुपारी.” अक्काने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, “सुटली बिचारी.” आणि वाटीचा काठ चाचपत म्हणाली, “तूही सुटलास.” मास्तरांनी मान हलवली, तिला ती दिसणार नव्हती. अक्का म्हणाली, “हे बघ, रडायचं असेल तर रडून घे. एक डोळा बांधलाय आणि दुसऱ्याला दिसत नाही. अशी सोय पुन्हा नाही.” यावर मास्तर हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तेही त्यांनी येऊ दिलं, पण ते रडणं नव्हतं, खरंच नव्हतं. अक्काही हसली आणि म्हणाली, “हसवू नकोस, टाका तुटेल,” जरी टाका घातलाच नव्हता.

जेवणं झाल्यावर भांडी विसळताना मात्र त्यांच्या मनात एकदा काहीतरी चुकचुकलं. विरजण हा शब्द. हा शब्द कारखान्यात मास्तरांनीच आणला होता. पेंढ्यावर टाकायच्या बुरशीच्या बियाण्याला पुस्तकात लांबलचक नाव आहे, ते कामगारांच्या जिभेवर बसेना, तेव्हा मास्तर म्हणाले होते, अहो, दुधाला लावतो तसं विरजण आहे हे, दुसरं काय? तेव्हापासून विरजण. तेव्हा साहेबांनी... पण नाही. साहेब कामगारांचे शब्द वापरत नाहीत. साहेब खोलीत येतसुद्धा नाहीत, त्यांना वासानं शिंका येतात. साहेब म्हणजे वाक्प्रचार. मास्तरांनी ओले हात पुसले, फोन उचलला, तो चालू करायची कळ कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, अंगठा तिच्यावर ठेवलासुद्धा. मग तो त्यांनी चमच्यांच्या खणात ठेवला आणि खण लोटून दिला. त्या रात्री ते असे झोपले की अक्काला सकाळी त्यांना हलवून उठवावं लागलं.

सकाळी दवाखान्यात अक्काची पट्टी काढली. तिने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग मास्तरांकडे, आणि तिच्या तोंडातून किंकाळीच निघाली. “अगं बाई! बाळ्या, अरे तू म्हातारा झालास!” डॉक्टर हसायला लागले. अक्काने त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “हे केस कधी पिकले? आणि हे डोळ्यांखाली काय? मला वाटायचं मीच तेवढी म्हातारी होतेय आणि तू आपला तसाच आहेस.” मास्तर म्हणाले, “मी पण तेच समजत होतो.” त्यांना हसू आलं, आणि मग आठवलं. दोनदा पुढे ढकलला हा दिवस. इतके महिने बाई धुक्यात चालत होती, भिंतीला हात लावत, आणि एकदाही म्हणाली नाही की तुझ्या बुरशीपेक्षा माझा डोळा मोठा. घरी आल्यावर ती खोल्याखोल्यांतून फिरून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “इतकी जळमटं? तू मला या घरात राहायला लावत होतास होय रे?” शेजारीण येऊन बसली. अक्काने केरसुणी मागितली, ती कुणी तिला दिली नाही, त्यावरून वाद सुरू झाला, आणि त्या वादात मास्तर हळूच निघाले. जायला हवं होतं. बुरशीच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या, आणि गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन यावंच लागतं. फोन चमच्यांतच राहिला.

कारखान्याच्या अंगणात पेंढ्याच्या गाठी तशाच रचलेल्या होत्या आणि नवं कुट्टीयंत्र चालू होतं. उरलेला माल संपवून टाकत असतील, असं मास्तरांना वाटलं. हे यंत्र यंदाच आलं होतं, जुन्यापेक्षा फार बारीक कापायचं, साहेब त्याच्यावर बेहद्द खूश होते. यंत्रावरचा माणूस ओरडून म्हणाला, “मास्तर, अक्कांचा डोळा कसा आहे?” “बरा आहे! दिसतंय!” मास्तरही ओरडले. “वा! मग आता तुम्ही कसे दिसता ते कळलं असेल!” तो हसला आणि पुढचा भारा उचलला. लोक किती लवकर सावरतात, मास्तरांच्या मनात आलं. त्यांना जरा वाईटही वाटलं. इतकी वर्षं या सगळ्यांची चूल म्हातारीच्या जिवावर पेटली, आणि एकाच्याही तोंडावर सुतक नाही. मग त्यांना स्वतःची चार बिस्किटं आठवली आणि ते गप्पपणे आतल्या बोळात शिरले.

बोळ गरम होता. पंख्यांचा आवाज येत होता. खोलीच्या बंद दाराशी, फरशीवर, भिंतीला टेकून बेकरीवाली पाय पसरून बसली होती. तोंडावरची पट्टी हनुवटीवर ओढलेली, डोळे लाल. मास्तरांना बघून ती धडपडत उठली. “आलात? अक्का कशा आहेत?” मास्तर दाराशी गेले. ते दाराच्या गोल काचेतून आत बघत होते. आत ताटं होती. नेहमीपेक्षा जास्त ताटं, मांडणीवर, बाकांवर, खाली फरशीवर पसरलेल्या स्वच्छ कापडांवरसुद्धा. आणि प्रत्येक ताटावर, काठापासून काठापर्यंत, पांढरं. कुठे काळा ठिपका नाही. मास्तरांनी काचेला कपाळ टेकलं. “हे काय?” ते म्हणाले. “ही... जिवंत आहे?” “जिवंत आहे का काय विचारता? निरोप मिळाला नाही का तुम्हाला? साहेबांना मी या काचेतूनच ओरडून सांगितलं, माझा फोन बाहेर कपाटात, हातमोजे घातलेले, म्हटलं मास्तर जिवाला घोर लावून बसले असतील, त्यांना कळवा, विरजण पडलं. त्यांनी विचारलं, एवढंच लिहू? मी म्हटलं एवढंच लिहा, मास्तरांना कळतं.”

मास्तरांना कळतं! मास्तरांनीच घालून दिलेली रीत ती. या खोलीत कुणी ‘मी पेरलं’, ‘मी लावलं’ म्हणायचं नाही. लावलं आणि लागलं यांत एका अक्षराचा फरक, घाईत ऐकायला चुकतं, आणि शिवाय मीपणा नको. शेतात बी पडतं तसं म्हणायचं, ‘विरजण पडलं’. वर्षानुवर्षं हे दोन शब्द ऐकून मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. अख्ख्या दुनियेत ज्या एका माणसाला ते चुकीचे वाचता येऊ नयेत त्यानेच ते चुकीचे वाचले. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कामाचा शब्द वापरला आणि मास्तरांनी पहिल्यांदा साहेबांचा वाक्प्रचार मनावर घेतला! त्यांच्या पोटातून हसू वर यायला लागलं, पण तेवढ्यात बेकरीवाली म्हणाली, “आधी ओरडून घ्या काय ते. मी तुमचा नियम मोडलाय,” आणि हसू तिथेच थांबलं.

“पहाटे ताप चढला,” ती सांगू लागली. “असा चढला की या काचेवर हात ठेववेना. तुम्हाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दहा वेळा लावला असेल. तुमचा नियम मला पाठ आहे, पहिले दोन दिवस दार उघडायचं नाही, आकाश कोसळलं तरी ताट हलवायचं नाही, नाहीतर लागतं. मी इथे उभी राहून रडले, खरं सांगते. मग विचार केला, मागच्या दोन्ही खेपांना असाच ताप चढला होता, आपण दार घट्ट बंद ठेवून बसलो होतो, आणि दोन्ही वेळा लागलं. हे नवं यंत्र भुसा करून टाकतं हो पेंढ्याचा. तो दाबून बसतो, आतली गरमी बाहेर पडत नाही. म्हातारी आतल्या आत भाजून निघते. म्हणजे मास्तर, लागलं म्हणून ती मेली नव्हती. मेली म्हणून लागलं होतं.” तिने श्वास घेतला. “मग मी दार उघडलं, कुलूप तुम्ही काढून गेला होतात, नुसती कडी होती. पंखे लावले. रातपाळीच्या दोघींना हाताशी घेतलं, हात धुवायला लावले, तुमच्यासारखी नखं बघितली, आणि सगळी ताटं मोडून पातळ पसरली, मिळतील त्या ताटांत, मिळेल त्या जागेत. सकाळपर्यंत ताप उतरला. आता बोला.”

मास्तरांनी डोळे मिटले. ते ती पहाट बघत होते. बघणं अवघड नव्हतं. फोन उशाशी असता तर पहिल्या किंकाळीला त्यांनी उचलला असता, आणि हिने विचारलं असतं, दार उघडू? आणि ते म्हणाले असते, खबरदार. खबरदार हात लावलास तर, मी येतोय. आणि ते अंधारात चपला चाचपत आले असते, या काचेशी उभे राहिले असते, आणि दोघांनी मिळून, नियमाने, हात धुऊन, तिला तिसऱ्यांदा मारली असती. त्यांच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्यामागून, खूप आतून, एवढी मोठी सुटका आली की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

“माझा फोन लागला असता,” ते म्हणाले, “तर मी तुला उघडू दिलं नसतं.”

“ते मला माहीत आहे,” बेकरीवाली म्हणाली. “म्हणून तर पहिल्या वेळी बंद लागला तेव्हा शिव्या दिल्या, आणि दहाव्या वेळी देवाचे आभार मानले. पण तुम्ही फोन बंद कसा ठेवलात हो? तुम्ही?”

सबब तयार होती. ऑपरेशन चाललं होतं, परिचारिकेने सांगितलं होतं, सगळं खरंच होतं. पण एवढ्या पांढऱ्याशुभ्र ताटांसमोर उभं राहून मास्तरांना सबब सांगावीशी वाटेना. “मला वाटलं ती गेली,” ते म्हणाले. “निरोप मी उलटा वाचला. आशेवर विरजण पडलं, असा. आणि मला बरं वाटलं. म्हणजे वाईट नाही वाटलं, बरं वाटलं. मी जेवलो, झोपलो. मला ती मेलेली हवी होती की काय, कोण जाणे.” आयुष्यात त्यांनी एवढं मोठं वाक्य म्हातारीविषयी सोडून दुसऱ्या कशाविषयी उच्चारलं नव्हतं, आणि हेही तिच्याविषयीच होतं.

बेकरीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिला धक्का बसेल असं मास्तरांना वाटलं होतं, पण ती नुसती दमलेली दिसत होती. “मलाही पहाटे एकदा वाटलं होतं,” ती म्हणाली. “मरू दे, म्हटलं, एकदाची. घरी जाऊन झोपते. असं सगळ्यांनाच वाटत असेल हो. आजारी माणसापाशी बसलेल्याला नाही वाटत?” मग तिने विचारलं, “आणि आता? आता ती जिवंत आहे हे बघून काय वाटतंय?”

मास्तरांनी काचेतून पुन्हा आत पाहिलं. भीती वाटेल असं त्यांना वाटलं होतं, खांदे पुन्हा वर चढतील, मान आखडेल. त्यांनी थांबून वाट पाहिली. आत पंख्याच्या वाऱ्यानं एका ताटावरचे पांढरे केस जरासे हलत होते. ते ताट आपण ठेवलंच नसतं तिथे, फार काठावर आहे, असं त्यांना वाटलं, आणि ते तिथे चांगलंच आहे असंही वाटलं.

“बरंच वाटतंय,” ते म्हणाले, आणि स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. “आताही बरंच वाटतंय.” त्यांनी खिशातून खोलीच्या किल्ल्या काढल्या आणि बेकरीवालीच्या हातात दिल्या. तिने एकदा किल्ल्यांकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि काही न विचारता त्या कमरेला खोचल्या. तरी मास्तर तिथेच उभे होते. हात कुठे ठेवावेत त्यांना कळत नव्हतं. सवयीने त्यांनी बाह्या वर सारल्या आणि ते हात धुवायच्या मोरीकडे वळले.

“तिकडे कुठे निघालात?” बेकरीवालीने तोंडावरची पट्टी वर ओढली. “घरी जा, मास्तर. इथे आज तुमचं काही काम नाही.”

त्या कारखान्यात इतक्या वर्षांत इतक्या मायेनं त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. मास्तरांनी बाह्या खाली केल्या आणि ते निघाले.